पहिला उपवासकाळ: लीन होण्याचे चाळीस दिवस कसे पाळावेत

नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत मी वाढले. पण उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचा लेंट, पहिल्यांदा मनावर घेतला तो पुण्यात नोकरीला लागल्यावर. चहा सोडला, मटण सोडलं, मोबाईलवरच्या रील्स सोडल्या, रात्रीचं जेवणही सोडलं. चाळीस दिवसांत एकदाही मोडलं नाही. ईस्टरला घरी गेले तेव्हा आजीला सगळं मोजून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि एवढ्या दिवसांत देवाशी काय बोललीस गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. किती दिवस झाले ते पाठ होतं, कुणाकुणाला माझं कौतुक वाटलं तेही पाठ होतं. येशूच्या जीवनाचं एक शुभवर्तमान मात्र धड वाचून झालं नव्हतं.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात प्रभू येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो (मत्तय ११:२९). 'लीन' या शब्दापाशी मी नंतर बरीच वर्षं थांबले. लीन म्हणजे नम्र. आणि भजनात लीन, कामात लीन म्हणतो तेव्हा लीन म्हणजे पूर्ण बुडून गेलेला. मी पहिल्या अर्थाच्या मागे लागले होते आणि दिवसभर स्वतःकडेच बघत होते. दुसऱ्या अर्थाकडून गेलं तर पहिला आपोआप हाती येतो, हे मला उशिरा कळलं. खाली लिहिलंय ते याच क्रमाने: आधी देवाला पहिली जागा, मग सोडणं, मग माणसांमध्ये वाकणं.

मी प्रॉटेस्टंट मंडळीतली आहे. वसईकडच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी जिथे नियम वेगळा आहे तिथे तसं लिहिलंय.

काय जमवून ठेवायचं

- छापील पवित्र शास्त्र. मोबाईलमधलं नको, का ते तिसऱ्या पायरीत येईल.
- शंभर पानी साधी वही आणि पेन.
- गजराचं घड्याळ, साधं सेलवर चालणारं.
- पैसे टाकायला एक डबा.
- ज्याच्याशी खरं बोलता येईल असा एक माणूस: पाळक, धर्मगुरू, मोठी बहीण, मंडळीतली एखादी काकू. एकच.
- मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, रोजची औषधं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचा सल्ला. तो न घेता जेवण सोडू नका. खाण्याला हात न लावताही उपवासकाळ पूर्ण पाळता येतो.

शास्त्राची भाषा जड वाटत असेल तर दुसरं भाषांतर बघा, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. आज सोप्या मराठीतली इतरही भाषांतरं मिळतात. जे वाचताना अडखळायला होत नाही ते घ्या.

१. तारखा आधी मांडून घ्या

उपवासकाळ राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी संपतो. मोजलेत तर ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरले चाळीस, प्रभूने अरण्यात काढले तेवढे.

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) २१ मार्चला, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला.

नोकरदारांनी इथे नीट लक्ष द्या. तो अख्खा पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, मार्चअखेरीत अडकलाय. हिशेब, बँक, करविभाग, विक्री, यांत काम करणाऱ्यांनी गुरुवारच्या संध्याकाळची सवलत फेब्रुवारीतच मागून ठेवावी; त्या संध्याकाळी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, उपासना असते. उत्तम शुक्रवारची सुट्टी असते, गुरुवारची नसते. २० मार्चनंतर रजा मागायला गेलात तर साहेब नाही म्हणणार, तुम्ही चिडणार, आणि त्या चिडचिडीतच प्रभुभोजनाच्या उपासनेला पोहोचणार.

२. कुणाला सांगायचं, कुणाला नाही

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली पहिली अठरा वचनं सुरुवात करण्याआधी वाचा. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल प्रभू एकच गोष्ट सांगतो: लोकांना दिसावं म्हणून करू नका. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, चेहरा पाडून फिरू नका. हे जमलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून ही पायरी इतकी वर घेतली.

व्हॉट्सॲप स्टेटस नको. "आजपासून चाळीस दिवस ऑफलाइन" असं जाहीर करणंही नको. ज्यांना कामासाठी कळणं गरजेचं आहे तेवढ्यांना कळवा. घरात जो स्वयंपाक करतो त्याला सांगावं लागेलच. पण आपल्या उपासासाठी आईला किंवा बायकोला वेगळं रांधायला लावू नका. ताटात आहे त्यातलं कमी घ्या.

ऑफिसात हमखास एक प्रसंग येतो. डब्याच्या वेळी तुम्ही "आज नको" म्हणता आणि कुणीतरी प्रेमाने विचारतं, "उपास आहे का? मग साबुदाण्याची खिचडी चालेल ना?" महाराष्ट्रात उपास म्हटलं की काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी डोळ्यांपुढे येते: भगर, शेंगदाणे, बटाट्याचा कीस. ख्रिस्ती उपासात बहुधा अशी यादी नसते. एक वेळचं जेवण सोडायचं आणि तो वेळ प्रार्थनेला द्यायचा, किंवा साधं आणि थोडं खायचं. कॅथलिक ख्रिस्तसभेचा सर्वसाधारण नियम असा: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यावं, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि १४ वर्षांवरच्यांनी त्या दोन दिवशी व उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळावं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं. सहकाऱ्याला एवढं समजावत बसू नका. "आज जेवणार नाही, पण चल, तुझ्यासोबत बसते," एवढं पुरतं.

आणखी एक. २०२७ मध्ये पवित्र सप्ताहाच्या तोंडावरच होळी आहे. शेजारच्या काकू पुरणपोळी घेऊन दारात आल्या तर ती घ्या आणि त्यांच्यासमोर खा. त्यांचा मान राखण्यासाठी उपास मोडला तर तो मोडला असं मी मानत नाही. वाढतील ते खा, असं प्रभूनेच शिष्यांना पाठवताना सांगितलं होतं (लूक १०:८).

३. दिवसाची पहिली वीस मिनिटं

सगळ्या लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या.

सकाळी डोळे उघडल्यावर हात कुठे जातो? माझा उशीखाली जायचा, मोबाईलकडे. रात्रीत काय घडलं, कुणी काय लिहिलं, बाजार कुठे उघडणार, हे सगळं देवाच्या आधी माझ्याकडे पोहोचायचं. 'माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत' या आज्ञेत आपण मूर्तींचा विचार करतो. पण पहिली जागा कुणाची, एवढंच ती आज्ञा विचारते, आणि माझ्या पहाटेची पहिली जागा एका काचेच्या पडद्याची होती.

म्हणून गजराचं घड्याळ. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि दार लोटून घ्या. शास्त्र मोबाईलवर वाचू नका ते याचसाठी: वचन उघडायला गेलेला अंगठा मधल्या तीन सूचनांवर थांबून येतो.

वीस मिनिटांचा माझा क्रम असा. पहिली चार-पाच मिनिटं नुसतं बसायचं. मग ठरलेला अध्याय, शक्यतो मोठ्याने. मग वहीत एक ओळ: यात देव कसा दिसला? "मी काय शिकले" असं लिहू नका. मी दोन वर्षं तसं लिहिलं आणि वही माझ्याच सुधारणेच्या संकल्पांनी भरली. देवाबद्दल लिहा. शेवटी प्रार्थना, आपल्या रोजच्या भाषेत.

वाचनाचा आराखडा. पहिले सोळा दिवस मार्काचे सोळा अध्याय. नंतर लूक ९ ते १९, अकरा दिवस; यरुशलेमच्या वाटेवरचा सगळा प्रवास त्यात येतो. मग फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय, दिवसाला एक. दुसऱ्यावर जास्त वेळ थांबा. हे झाले ३१ दिवस. पवित्र सप्ताहाआधी उपासाचे ३४ दिवस येतात, म्हणजे तीन दिवस चुकलेलं भरून काढायला शिल्लक. ते मुद्दाम ठेवलेत, लागतात.

शुक्रवारी यात एका स्तोत्राची भर घाला. पश्चात्तापाची सात स्तोत्रं परंपरेने वेगळी काढलेली आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. आणि उपवासकाळात उत्तम शुक्रवार धरून शुक्रवारही बरोबर सात येतात.

गाणं येत असेल तर गा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी पदं अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत आहेत, त्यांना पेटीही लागत नाही. उपासनेच्या गीतांच्या पुस्तकात पाहा. टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, आणि १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पहाटे त्यांचं पद गुणगुणताना मला ते आठवतं. पहिली जागा देवाला देणं म्हणजे त्यांच्यासाठी महिन्याचा पगार होता, माझ्यासाठी वीस मिनिटं आहेत.

मन भरकटेल. बसल्या बसल्या गॅसचं बुकिंग, मुलाची फी, न झालेला फोन आठवेल. मनाशी भांडू नका. वहीच्या मागच्या पानावर "गॅस" एवढं लिहा आणि परत या. झोप येत असेल तर उभं राहून वाचा. लहान मुलं असतील तर पहाटेचा हट्ट सोडा; मुलं शाळेत गेल्यानंतरची वीस मिनिटंही पहिलीच आहेत, त्याआधी मोबाईल उघडला नाही म्हणजे झालं.

४. काय सोडायचं ते निवडा

राखेच्या बुधवारच्या आधी तीन दिवस नोंद ठेवा: कंटाळा आला, भीती वाटली, एकटं वाटलं, तेव्हा मी कशाकडे वळते? उत्तर तिथे सापडतं. कुणाला क्रिकेटचा स्कोअर, कुणाला शेअर बाजाराचं ॲप, कुणाला ऑनलाइन खरेदी, कुणाला नातेवाइकांबद्दलच्या गप्पा. जे सोडायचा नुसता विचारही नकोसा वाटतो ते बहुधा बरोबर उत्तर असतं.

एकच निवडा. मी चार सोडल्या होत्या आणि दिवसभर त्या चारांची राखण करत बसले.

सोडलेल्या वेळात काय करायचं तेही आधी ठरवा. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला प्रभूने दिलाय (मत्तय १२:४३-४५). माणसातून बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने रील्स सोडल्या आणि त्या जागी तेवढाच वेळ बातम्यांची चॅनेलं आली. तुमचा मोकळा झालेला अर्धा तास एखाद्या आजाऱ्याला भेटायला, आईला फोन करायला, किंवा नुसतं गच्चीत बसायला द्या.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यालाही लागू आहे. रविवार उपासात धरत नाहीत म्हणून आठवडाभराचं सगळं रविवारी वसूल करू नका.

५. वाचलेले पैसे डब्यात

उपासाने वाचलेलं आपलं नसतं. यशयाचा ५८ वा अध्याय वाचा. देवाला कोणता उपास आवडतो ते तिथे स्वच्छ सांगितलंय: भुकेल्याला आपल्या अन्नातलं वाटून देणं, बेघराला घरी आणणं, उघड्याला पांघरूण देणं. बाहेरचे रोजचे दोन चहा सोडले आणि कप १५ रुपयांचा धरला तर चाळीस दिवसांचे १२०० होतात. ते ईस्टरच्या आधी द्या. कुणाला दिले ते तुमच्या त्या एका माणसालाही सांगू नका, आणि देताना फोटो काढू नका. घेणाऱ्याची मान त्या फोटोत कशी दिसते ते एकदा बघा, मग काढावासा वाटणार नाही.

६. दिसणार नाही असं एक काम

इथे लीनता माणसांमध्ये उतरते. रोज एक असं काम करा जे कुणाच्या लक्षात येणार नाही. उपासना संपल्यावर सतरंज्या उचलणं. प्रभुभोजनाची भांडी घासणं. ऑफिसात ज्या मुलीने खरं काम केलं तिचं नाव मीटिंगमध्ये घेणं. जिन्यातला दिवा बदलणं. आणि सगळ्यांत अवघड: कुणी आपलं दुखणं सांगत असताना "माझंही असंच झालं होतं" असं न म्हणता शेवटपर्यंत ऐकणं.

परूशी आणि जकातदाराचा दाखला (लूक १८:९-१४) आपल्या सगळ्यांना पाठ असतो. त्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देत होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याची प्रार्थना बिघडली ती शेजारच्या माणसाशी तुलना सुरू झाली तिथे. तुम्ही पहाटे उठलात आणि तुमच्याच घरात कुणी आठपर्यंत झोपलेलं दिसलं की हा परूशी आपल्या आत उभा राहतो. तसं झालं की लगेच त्या माणसासाठी प्रार्थना करा, त्याच्या सुधारणेसाठी नव्हे, त्याच्या गरजेसाठी.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण ती चुकली तर माणसं मोडतात.

लीनता म्हणजे अन्याय सोसणं नाही. नवरा मारत असेल, मालक मजुरी बुडवत असेल, मंडळीतलाच कुणी अधिकाराचा गैरवापर करत असेल, तर "नम्र राहा" हे उत्तर नाही. बोला, मदत मागा, गरज पडली तर पोलिसांकडे जा. महाराष्ट्रातल्या आपल्यापैकी कितीतरी घराण्यांना जातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावलं गेलं. माझ्या आजीच्या आईला पाणी वरून ओतलं जायचं. मंडळीत आल्यावर तिला ताठ बसायला मिळालं, आणि ते ताठ बसणं ही देवाची देणगी होती. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं आहे. कुणी त्याला रिक्त केलं असं नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायातही हाच क्रम आहे: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपण कुणाचे आहोत हे ज्याला ठाऊक आहे तोच मोकळ्या मनाने वाकू शकतो. ज्याला हे अजून ठाऊक नाही त्याने आधी तिसऱ्या पायरीवरच बसावं, दोन-तीन वर्षं लागली तरी.

"मी काय, मी तर पापी, मला काही येत नाही" हे बोलणंही लीनता नव्हे. गाता येत असेल आणि पाळकांनी सांगितलं तर उठून गा.

७. मोडलं तर

मोडेल. बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवलाई संपल्यावर. वहीत तारीख लिहा, "मोडलं" एवढंच लिहा आणि दुसऱ्या दिवशीच्या अध्यायाला लागा. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून उपास वाढवू नका. हाच काळ त्या एका माणसाकडे जाण्याचा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याचा. मी पहिल्या वर्षी एकदाही मोडलं नाही, पुढच्या वर्षी चार वेळा मोडलं, आणि दयेसाठीची माझी पहिली खरी प्रार्थना त्या चार वेळांपैकी एका रात्रीची आहे.

८. पवित्र सप्ताह

इथे नवीन काही करायचं नाही, हजर राहायचं. वाचनासाठी योहान: झावळ्यांच्या रविवारी बारावा अध्याय, सोमवारी १३ व १४, मंगळवारी १५ व १६, बुधवारी १७, गुरुवारी पुन्हा १३, शुक्रवारी १८ व १९. शनिवारी काहीच नाही. ती शांतताही पाळा.

बऱ्याच मंडळ्यांत उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी १२ ते ३ असते आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. तीन तास बसायचंय, मार्चचं ऊन असतं, पाणी पिऊन जा. कॅथलिक चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाची, चौदा स्थानं असतात. सोबतीला कुणी जाणतं माणूस असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपं पडतं. मोबाईल घरी ठेवा. रिक्षाचे पैसे सुटे न्या.

९. ईस्टरनंतर

रविवारी जेवा, मनापासून. सोडलेली गोष्ट परत घ्यायची की नाही हे त्या दिवशी ठरवू नका, आठवडा जाऊ द्या.

मग वही पहिल्यापासून वाचा. मी दरवर्षी ती घेऊन आजीकडे जायचे. तिला दिसत नव्हतं तेव्हा मी वाचायचे आणि ती मधूनच थांबवून म्हणायची, "हे परत वाच." ती थांबवायची ती नेहमी देवाबद्दलच्या ओळींवर. तुमच्याकडेही असं कुणी असेल तर त्यांच्यासाठी एक दुपार राखून ठेवा.

आणि सोमवारी सकाळी गजर त्याच वेळेचा राहू द्या, मोबाईल स्वयंपाकघरातच.